सिंकचं पाणी

आमच्या भिवंडीच्या कॉलेजात सर केमिस्ट्री शिकवत आणि मी लॅबच्या बाटल्या धूत असे. सब्स्टिट्यूशन रिॲक्शनचा धडा ते फळ्यावर सुरू करत नसत. आधी मुलांना लॅबमागे नेऊन सिंकचा पाइप नाल्यात कुठे पडतो ते दाखवत आणि म्हणत, "रसायनं विरघळवायला सॉल्व्हंट निवडताना हे आठवा." कौतुक मात्र कधी कुणाचं करत नसत.

एकदा प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, "सॉल्व्हंट म्हणून अल्कोहोल का घेतलंस? डीएमएफ घेतलं असतंस तर लवकर झालं असतं."

"झालं असतं, सर. पण ते विषारी हाय. हा नाला आमच्या खाडीला मिळतो, तिथं बाबांचं जाळं असतं."

आमच्या सरांच्या हातात सतत वाजणारा किल्ल्यांचा जुडगा थांबला.

"मी नाल्यापर्यंतच शिकवलं होतं," ते परीक्षकांना म्हणाले. "खाडीपर्यंत ती स्वतः गेली."