ताईचा मेणाचा ठोकळा

पंचवीस वर्षं मी शाळेत पेशी शिकवतोय. फळ्यावर एक गोल काढायचा, आत टिंब, टिंबाला बाण, बाणापुढे 'केंद्रक'. एवढ्या भांडवलावर माझा संसार झाला. त्यामुळे ताईच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा घरात ठरूनच गेलं की डॉक्टरांशी बोलायचं ते मी. माझा विषयच तो!

भावजी गेल्यापासून ताई डोंबिवलीला आमच्याकडेच असते. जन्मात तिने सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नाही. ठाण्यात माजिवड्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी समजावलं, की अशा निर्व्यसनी माणसांच्या गाठीत पुष्कळदा एखाद्या जनुकात ठराविक बिघाड असतो. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं बटण दाबलेलंच राहतं. तसा बिघाड सापडला, तर नेमकी त्या बटणावर चालणारी गोळी आता मिळते, घरी बसून घ्यायची. नाही सापडला तर केमो. भावजींची केमो ताईने उशाशी बसून पाहिली होती. तो शब्द निघाला की ती पदर सारखा करायला लागायची.

घरी येऊन मी सगळ्यांना अर्धा तास जनुकं शिकवली. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता देवाकडे बिघाड मागायचा? आजवर तब्येत सांभाळ म्हणत आले. त्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलं."

तपासणी ठाण्याला, नौपाड्यातल्या केंद्रात होणार होती. त्यासाठी डोंबिवलीच्या लॅबमधून ताईच्या गाठीचा तुकडा मी घरी आणला. मेणाचा ठोकळा, प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला, काडेपेटीहून लहान. कडेला मार्करने नंबर आणि मेणाच्या आत कणीएवढं काहीतरी. ताईने तो उजेडात धरला. "एवढ्याशा कणीसाठी एवढी धावपळ?"

आमच्या घरात हॉलतिकीट असो की स्कूटरची किल्ली, देवापुढे गेल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. सकाळी बघतो तर ठोकळ्यावर ओलं कुंकू आणि अक्षता.

"अगं, ही काय नवी गाडी आहे?"

"असू दे हो," बायको म्हणाली. "तुमचं विज्ञान आत, माझं कुंकू बाहेर."

नौपाड्यात रिक्षातून उतरलो आणि मला लाज वाटली. विज्ञानाचा मास्तर असा माखलेला ठोकळा देणार? मी खिशातलं सॅनिटायझर काढलं आणि ठोकळा रुमालाने खसाखसा पुसला. कुंकू गेलं. मार्करचा नंबरही गेला.

"काका, नंबर कुठेय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"आत्ता होता."

"मग हा कोणाचा, ते मी कसं ठरवू?"

"माझ्या ताईचा आहे हो. घरून आणलाय मी."

"खरं असेल, काका. पण असा नाही घेता येत." चौकटीच्या खाचेत एक अक्षत अडकली होती. तिने ती चिमट्याने काढून कागदावर ठेवली आणि ठोकळा मला परत दिला.

डोंबिवलीच्या लॅबमधले डॉक्टर गावी लग्नाला गेलेले. ते येऊन ठोकळा त्याच गाठीच्या जुन्या काचपट्ट्यांशी ताडून बघणार, नवा नंबर घालणार, पत्र देणार. यात चार दिवस गेले. घरी मी सांगितलं, ठाण्याचं मशीन बंद आहे. चार दिवस स्वयंपाकघरातून ताईचा खोकला ऐकू यायचा आणि मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचो.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. ताईला घेऊन मी माजिवड्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, "बिघाड सापडला." मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"पण यावरची गोळी अजून चाचण्यांत आहे. बाकी काही बिघाडांवर आल्यात, यावरही येईल."

"कधी?"

"काही वर्षं तरी. आणि ताईंची किडनी बघता त्यांना चाचणीत घेणार नाहीत."

ताई बाहेर गेल्यावर मी हळूच त्या चार दिवसांचं विचारलं. तेवढ्या उशिराने काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगतो, त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. निदान काहीतरी माझ्या हातात होतं, असं तरी वाटलं असतं.

परतताना ताई रिक्षात पदर सारखा करत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आजारी पडायची मी जरा घाईच केली."



केमो सोमवारी सुरू व्हायची होती. आदल्या शनिवारी मी नौपाड्याहून ठोकळा परत आणला. जपून ठेवा, पुढे कधी नवी तपासणी निघाली तर लागेल, असं तिथे सांगितलं होतं. घरात तो कुठे ठेवायचा, कोणालाच सुचेना. बायको एरवी पुढे झाली असती, पण केमोचं ठरल्यापासून ती देवघराकडे बघायचीच नाही.

ताईने ठोकळा माझ्या हातून घेतला आणि बायकोच्या हातावर ठेवला.

"देवापुढे ठेव गं. कुंकूही लाव. फक्त या मास्तरला पुसायला देऊ नकोस."

हे तिला कोणी सांगितलं, मी अजून विचारलेलं नाही.