म्हात्रे काकांचं न उडालेलं यान

म्हात्रे काका कुणाच्याही घरी गेले, की आधी छताकडे बघत. घरची माणसं "या, बसा" म्हणत असायची, कुणी पाण्याचा तांब्या घेऊन उभं असायचं, आणि काका मान वर करून पंख्याचा हुक न्याहाळत असायचे. हुक मनासारखा असला तरच ते पंख्याखाली बसत. नाहीतर खुर्ची उचलून सरळ दाराशी नेत. नवख्या माणसाला तो अपमान वाटे. माझी आई मात्र मुद्दाम विचारायची, "काय भावोजी, पाल गावली का?" काका गंभीरपणे सांगायचे, "पाल पडली तं झटकता येते वहिनी. पंखा नाय झटकता येत."

आमचं गाव कासू स्टेशनपासून आत, खाडीच्या बाजूला. माझे बाबा मिठागरात कामाला होते. काका आमचे शेजारी. धाटावच्या एका कंपनीत ते फिटर होते आणि उभा जन्म त्यांनी शिफ्टमध्ये काढला होता. निवृत्त झाल्यावर गावातल्या शिलाई मशिनी, पाण्याचे पंप, पोरांच्या सायकली असं सगळं त्यांच्या ओट्यावर येऊ लागलं. कुठलंही यंत्र चालू करण्याआधी ते त्यावर तळहात ठेवून थोडा वेळ गप्प उभे राहत, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "चालू कराला बटन पुरतं," ते म्हणायचे, "बंद कराला छाती लागते."

कंपनीत एकदा त्यांनी नुसत्या शंकेवरून एक मोठा पंप बंद केला होता. उघडून पाहिलं तर आत काहीच बिघाड नव्हता. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना झापलं. ही गोष्ट काका फार आनंदानं सांगायचे.

"मग काका, तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? घरी आलो, भाकरी खाल्ली, झोपलो. मस्त झोप लागली."

मी नववीत असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मोकल बाईंनी एक नाटक लिहिलं. बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. नाटकात परग्रहावरचा एक राजा येतो, आमची सगळी खाडी एका हंड्यात भरतो आणि यानात बसून निघतो. यान वर गेल्यावर त्याला खालच्या मुलांचं गाणं ऐकू येतं, त्याचं मन द्रवतं आणि तो हंडा परत करतो. राजा झाला होता प्रथमेश, वर्गातला सगळ्यात हलका मुलगा. मी मिठागरात काम करणारी बाई. डोक्यावर खऱ्या मिठाची टोपली घेऊन मला एकच वाक्य म्हणायचं होतं, "अरे देवा, आमची खाडी नेली!"

यान खरंच उडालं तर किती बहार येईल, असं बाई सहज बोलून गेल्या. काकांनी ते मनावर घेतलं. त्यांनी सळईची मोठी कडी वाकवली, तिच्यावर बांबूच्या पट्ट्या बांधल्या, पुढे आपल्या जुन्या स्कूटरचा दिवा बसवला. कंपन्यांमधून येणारं निळं पिंप कापून घ्यावं असं कुणीतरी सुचवलं, तर काका भडकले. "त्यात आधी काय भरलेलं कोनाला म्हाईत? आनि त्यात पोर बसवू?" पेणला जाऊन गणपतीच्या मखराचा चंदेरी कागद त्यांनी स्वतः आणला. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसानं पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बनवलं होतं. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून ते नुसते यानाकडे बघत राहायचे.

नाताळच्या सुट्टीत चाचणी झाली. शाळेच्या व्हरांड्यातच रंगमंच होता. तिथल्या लोखंडी तुळईला काकांनी साखळी ओढून वजन उचलायची चेनपुली टांगली आणि चार बारीक तारांनी यान तिच्या आकड्याला अडकवलं. प्रथमेश आत बसायला उतावीळ झाला होता.

"तू नंतर," काका म्हणाले. "आधी तुज्या दुप्पट वजन."

आमच्या गावात वजन म्हणजे मीठ. बाबांनी दोन गोणी दिल्या. यान सहा फूट वर गेलं, थांबलं, खाली आलं. तारांना काय लांबायचं ते लांबू दे, म्हणून काकांनी गोणी आतच ठेवून यान जमिनीपासून वीतभर उचलून टांगून ठेवलं. तीन आठवडे ते तसंच होतं. मधल्या काळात आम्ही मुलींनी त्यावर कागद चिकटवला. तारांच्या गाठी वाईट दिसत होत्या, म्हणून तिथे दुहेरी.

संमेलन शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू झालं. सगळं गाव सतरंजीवर बसलं होतं आणि पुढे खुर्च्यांवर पाहुणे. सकाळी गोणी घेऊन यान एकदा नीट वर गेलं होतं. आता हंडा मांडीवर घेऊन प्रथमेश आत बसला. मी टोपली घेऊन पडद्याच्या कडेला, यानालगतच उभी होते आणि माझ्या मागे, साखळीजवळ, काका. सवयीप्रमाणे त्यांनी यानाच्या कडेवर तळहात ठेवला. मग तो हळूहळू एका गाठीवर नेला. कागद ओला लागला असावा, कारण त्यांनी तो नखानं सोलला. त्यांची बोटं गंजानं लालसर झाली. तारेचे दोन पदर तुटून वर आले होते.

"उड्डाण!" प्रथमेश ओरडला.

काकांनी साखळी ओढली नाही.

"उड्डाण!"

समोरच्या बाजूनं मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, "म्हात्रे, ओढा ना! पाहुणे बसलेत."

"नाय उडनार सर."

"अहो, सकाळी उडालं होतं! सहा फुटांचा तर प्रश्न आहे."

"सहा फुटांवरून पोर पडला, तं तुमी झेलनार का?" एवढं बोलून काकांनी पुलीचा आकडा यानापासून सोडवला आणि बाजूला ठेवून दिला. एवढ्या दिवसांचं कौतुक त्यांनी एका हातानं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मला दिसला. तो पंप बंद करणाऱ्या माणसाचा आनंदी चेहरा नव्हता.

मंचावर प्रथमेश रडकुंडीला आला होता. लोक कुजबुजायला लागले. राजा उडाला नाही तर त्याचं मन द्रवणार नव्हतं, आणि खाडी त्याच्या हंड्यातच राहणार होती. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी पुढे झाले.

"उडशील कसा? तुज्या इंजिनात मी मीठ टाकलंय!"

प्रथमेश माझ्याकडे बघतच राहिला. "कवा?"

"तू आमची खाडी भरत होतास ना, तवा!" आणि मी टोपलीतलं मूठभर मीठ यानावर फेकलं.

बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "आजून टाक गो, आजून!" दुसरी म्हणाली, "आमच्या घराचं पत्रं बघ रं राजा, मीठ काय करतंय तं!" सगळं गाव हसायला लागलं. मिठानं खाल्लेलं लोखंड तिथल्या प्रत्येकाच्या घरात होतं.

"हा घे तुजा हंडा," प्रथमेश आपली परग्रहावरची शुद्ध भाषा विसरून म्हणाला. "पन मी आता घरी कसा जाऊ?"

"एसटीनं जा!"

टाळ्या थांबेनात. पाहुण्यांना तर तोच नाटकाचा शेवट वाटला. मी धावत पडद्यामागे आले, तर काका खाली बसून एकेक तार उलगडत होते.

"काका, मी खोटंच बोलले. दुसरं काही सुचलं नाय."

"खोटं नाय बोललीस तू," ते तार माझ्यापुढे धरून म्हणाले. "मिठानंच केलंय. गोणी पाझरली, खारं पानी गाठीत बसलं. जन्मभर खाडीवर ऱ्हायलो, धाटावला गंज घासत म्हातारा झालो, आनि तीन आठवडे लोखंडाच्या डोक्यावर मीठ ठेवून बसलो. अक्कल बघ माजी."

हे त्यांनी लपवलं नाही. त्याच रात्री ते बाबांकडे येऊन म्हणाले, "गोणीचा दोष नाय रे, माज्या डोक्याचा." मग मुख्याध्यापकांकडे गेले. रविवारी सकाळी त्यांनी नव्या तारा लावल्या आणि आधी स्वतः यानात बसले. बाबांनी साखळी ओढली. त्यानंतर प्रथमेशची पाळी आली. बघायला आम्ही आठ-दहा जणच होतो. सहा फूट वर गेल्यावर तो इतका खूष झाला, की "उड्डाण" म्हणायचं विसरूनच गेला.

सोमवारी मोकल बाईंनी काकांना वर्गात बोलावलं. तुटकी तार प्रत्येकाच्या हातात फिरली. "आपली चूक हातात धरून बघाची," काका म्हणाले. "तोंडानं सांगितली तं लहान होते." नंतर ती तार त्यांनी घरी खिळ्याला टांगली, कंपनीनं निरोपाला दिलेल्या घड्याळाच्या शेजारी. मीठ लोखंडाला नेमकं काय करतं, हे मला त्या दिवशी बाईंना विचारावंसं वाटलं. त्यांनी सांगितलं ते अर्धंच कळलं. उरलेलं समजून घेण्यासाठी मी पुढे पेणला कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पदवीच्या निकालाच्या दिवशी आईनं पहिला पेढा देवापुढे ठेवला आणि दुसरा काकांच्या ओट्यावर नेऊन दिला.

आता मी धाटावलाच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या वर्षी काका मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जाण्याआधी ते निरोप घ्यायला आले. आम्ही नुकतीच पुढची खोली बांधली होती, वर नवा स्लॅब, नवा पंखा. आईनं पाणी आणलं आणि नेहमीसारखी ती काकांच्या मानेकडे बघत थांबली.

काकांनी मान वर केली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "हुक कोनी बघितला?"

"मी. स्लॅब भरायच्या आधी. आणि पंखा टांगल्यावर परत."

"हात लावून?"

"हात लावून."

"मंग झालं," असं म्हणून काका बरोबर पंख्याखाली खुर्ची ओढून बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, पंखा जरा मोठा करा. उकडतंय."