रनिंग बॅकचा वकील

मुलाच्या युनिव्हर्सिटीत अमेरिकन फुटबॉलची मॅच असली की कुंपणापाशी एक म्हातारा गोरा भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. हातातलं सॉसेज मैदानाकडे रोखून तो वाद काढायचा, या टीमचा आजवरचा सर्वांत भारी रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी धरून पळणारा गडी, कोण? नियम न कळताही मी हिरिरीने भांडायचो.

त्या शनिवारी तो म्हणाला, "तुझा मुलगा. सगळ्यांच्या वर."

आपल्या पोराचं कौतुक आपण करू नये, या घरच्या वळणाने मी म्हणालो, "छे, तो कसला! घरी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायलाही उठत नाही."

तो लालबुंद झाला. "मित्रा, त्याला पळताना कधी बघितलंयस तरी का?"

माझ्या पोरासाठी एक परका माणूस माझ्यावरच चिडला होता. मी इतका हादरलो की खरं बोलून गेलो, "नाही. चेंडू त्याच्याकडे आला की मी डोळे मिटतो. पाडतात रे त्याला."

तेवढ्यात चेंडू पोराकडे आला आणि माझे डोळे मिटले. खांद्यावर सॉसने चिकट झालेला हात पडला.

"उभा आहे," तो कानाशी म्हणाला. "अजून उभा आहे."