लाइल ब्रूनचा कुडू

हे कृपावंता, अरण्य तुझे आणि अरण्यात पाऊल ठेवणाराही तुझाच. भीतीने धडधडते ते काळीज तू घडवलेस, आणि चापावर बोट ठेवणाऱ्याचे काळीजही तूच घडवलेस. बर्फात गोठ्याचा दिवा लावणाऱ्याचा तू सांगाती, आणि काटेरी माळावर माग काढणाऱ्याचाही तूच सांगाती. तुझ्या पायी मस्तक ठेवून एका साध्या माणसाची कथा सांगावयाची आहे. तिच्यात पराक्रम नाही, चमत्कार तर नाहीच. वाणीला एवढेच बळ दे की, त्याला दोष देताना ती कठोर होऊ नये आणि त्याची बाजू घेताना ती खोटी होऊ नये.

त्या माणसाचे नाव लाइल ब्रून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात केल्नर्स क्रीक नावाचे गाव आहे. तिथे तो एकतीस वर्षे दुधाचा टँकर चालवीत होता. पहाटे निघावे, गोठ्यागोठ्यातून दूध भरून घ्यावे, दुपारी ते चीजच्या कारखान्यात ओतावे आणि घरी यावे. रविवारी चर्च, शुक्रवारी चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांची पंगत, आणि नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांसाठी तो उरलेले वर्ष जगत असे, असे त्याची बायको आर्डिस म्हणे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर एकदा तो शिकारीच्या सामानाचे प्रदर्शन पाहायला गेला. तिथे नामिबियातला एक जर्मन वंशाचा शेतकरी, डेटलेफ त्याचे नाव, आपल्या रानाची छायाचित्रे मांडून बसला होता. त्यांतल्या एका छायाचित्रात कुडू, आफ्रिकेतला हरणासारखा मोठा प्राणी, उभा होता. राखाडी अंग, त्यावर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे, मानेला दाढीसारखी आयाळ, आणि माथ्यावर पीळ घेत घेत आकाशात गेलेली दोन शिंगे. लाइल त्या छायाचित्रापुढे किती वेळ उभा राहिला हे त्याला सांगता आले नसते. देवळात मूर्तीपुढे माणूस जसा आपले मागणे विसरून नुसता उभा राहतो, तसा तो उभा राहिला. घरी येऊन त्याने तिथून मागून आणलेले ते छायाचित्र भिंतीवर लावले आणि आर्डिसला एवढेच सांगितले की, मरण्यापूर्वी एकदा तिथे जायचे आहे.

श्रीमंतांना ही गोष्ट एका सहीची असते. दुधाच्या टँकरवाल्याला ती अकरा वर्षांची झाली. लाइलने मासेमारीची नाव विकली, बर्फावर चालवायची गाडी विकली, हिवाळ्यात लोकांच्या अंगणातले बर्फ उपसले. एकच जनावर, पाचच दिवस, बंदूक तिथलीच भाड्याने, विमान तीन ठिकाणी बदलावे लागले तरी चालेल. असे काटकसरीचे एकेक कलम त्याने स्तोत्रासारखे पाठ केले होते.

आणि आर्डिस? तिला कुडूशी काय करायचे होते? तरीही नवऱ्याचे व्रत तिने आपले म्हणून धरले. गावातल्या दातांच्या डॉक्टरचा दवाखाना ती संध्याकाळी झाडू-पुसू लागली. लग्नकार्यांसाठी केक भाजून देऊ लागली. आणि आपली बहीण व्हर्ना हिच्याकडे जाणे तिने पुढे ढकलले.

व्हर्ना दूर ओरेगॉनात, समुद्राकाठी राहत असे. दर रविवारी चर्चनंतर दोघींचे फोनवर बोलणे होई. व्हर्ना म्हणे, या उन्हाळ्यात ये. आर्डिस म्हणे, पुढच्या. या बोलण्याला हसणे असे, थट्टा असे. “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, माझ्याही डोक्यावर शिंगं लावते, मग तरी तिला धाडशील का भेटायला,” असे व्हर्ना एकदा म्हणाली होती, आणि आर्डिसने ते लाइलला हसत हसत सांगितले होते. तोही हसला होता.

अकराव्या वर्षी, मार्चमध्ये, व्हर्ना अचानक गेली. तोवर डेटलेफकडे पैसे भरून झाले होते आणि विमानाची तिकिटेही आली होती. घाईचे तिकीट काढून अंत्यविधीला ओरेगॉनला जायचे तर नवी जुळवाजुळव करावी लागली असती. लाइलने आर्डिसला “जा” म्हटले. पण एकदाच म्हटले. तिने मान हलवली, पैसे गुंतलेत म्हणाली, आणि त्याने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. देवा, किती घरांत प्रेम असते आणि दुसरा आग्रह तेवढा राहून जातो.

जूनमध्ये त्याची बॅग भरताना आर्डिस डेटलेफने पाठवलेली पुस्तिका चाळत बसली होती. एका पानाशी ती थांबली.

“ऐक, इथं चित्र काढलंय. नेम खांद्याच्या मागं धरायचा नाही म्हणतात. पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या अंगाला धरायचा.”

लाइल मोजे गुंडाळत होता. “आर्डिस, मी एकेचाळीस हरणं पाडली. आता हा मला नेम शिकवणार?”

“तो नाही शिकवत. चित्र शिकवतंय.”

“चित्र राहू दे. माझे जाड मोजे कुठं ठेवलेस ते सांग.”

तिने मोजे काढून दिले आणि पुस्तिका बॅगेत सर्वांत वर ठेवली. प्रवासात लाइलने ती उघडली नाही. केल्नर्स क्रीकमध्ये दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते की, गोळी खांद्याच्या मागे घालायची. आजोबाने बापाला तेच सांगितलेले, बापाने लेकाला तेच. एकेचाळीस हरणांनी त्याचा खरेपणा सिद्ध केलेला. मग ज्ञान असे हाडात मुरले की ते ज्ञान आहे हेही माणूस विसरतो, आणि तिथेच त्याचा घात होतो.

नामिबियात तेव्हा हिवाळा होता. पिवळे गवत, लालसर दगड, बोटभर लांबीचे काटे. लाइलबरोबर जोसेफाट नावाचा माग काढणारा दिला होता. साठी उलटलेला, बोलायला कमी, चालायला अथक. पहिल्या दिवशी त्यांना फक्त माद्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना जोसेफाट जागीच थांबला आणि त्याने नुसती हनुवटी उचलली.

दीडशे पावलांवर, एका खुरट्या झाडाआड, तो उभा होता. अकरा वर्षे भिंतीवरच्या कागदात थिजलेला, आणि आता श्वास घेणारा. कान हलत होते. शिंगांच्या टोकांवर ऊन होते. लाइलच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्याने पुसले, बंदूक काठीवर टेकली, मनातल्या मनात देवाचे नाव घेतले आणि बापाने शिकवले होते तिथे, खांद्याच्या मागे, नेम धरून चाप ओढला.

कुडू पाठ वाकवून उडाला आणि झाडीत नाहीसा झाला.

लाइलचा हर्ष मावत नव्हता. गावच्या रीतीप्रमाणे तो अर्धा तास बसून राहिला, कारण जखमी हरणाच्या मागे लगेच धावायचे नसते. जोसेफाट गेला, एका काट्यावरून त्याने काहीतरी बोटावर घेतले, हुंगले, आणि परत येऊन तो लाइलसमोर उकिडवा बसला.

“सर, नेम कुठं धरला होता?”

लाइलने आपल्याच बरगडीवर, काखेच्या मागे, हात ठेवला.

जोसेफाटने तो हात धरला आणि हळूच पुढे सरकवून छातीवर आणला. “याचं काळीज इथं असतं.” मग बोटावरचे रक्त दाखवले, त्यात चघळलेल्या हिरव्या पाल्याचा अंश होता. “ही जखम पोटातली आहे. हा मरेल, पण आज नाही.”

शिकारीच्या त्या रानात एक नियम आहे, आणि लाइलने त्याच्या कागदावर सही केलेली होती: रक्ताचा एक थेंब जमिनीवर पडला की जनावर तुमचे झाले, भरलेले पैसे त्याच्या नावे गेले, मग ते हाती लागो वा न लागो. त्याचा एकुलता एक कुडू त्या क्षणी त्याचा झाला होता, आणि त्या क्षणीच त्याच्या हातून सुटलाही होता.

अंधार पडेपर्यंत ते माग काढीत गेले. दगडांच्या पट्ट्यावर रक्त संपले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो सगळा डोंगर पालथा घातला. चौथ्या दिवशीही घातला. पाचवा दिवस रविवार, जोसेफाटची सुट्टी होती. तरीही तो चर्चचे कपडे न घालता रानातले कपडे घालून आला. “तो एकटा मरतोय, आपण घरी कसं बसायचं,” एवढेच तो म्हणाला. लाइलने बंदूक केव्हाच जोसेफाटच्या खांद्यावर दिली होती. आता शिंगांचा हव्यास गळून पडला होता. आपण एका जिवाला अर्धवट मारून ठेवले आहे, एवढेच त्याला सलत होते. आकाशात गिधाडही घिरट्या घालताना दिसले नाही. ज्याने त्याला निर्माण केले होते, त्याने त्याला कोणत्या झाडाखाली निजवले, ते कोणालाच कळले नाही.

निघायच्या दिवशी डेटलेफने त्याला गोठ्यामागे नेले. तिथे कुंपणाला एक जुनी शिंगांची जोडी टांगलेली होती. कधीकाळी दुष्काळात मेलेल्या कुडूची. सुरेख, पूर्ण पिळाची.

“घेऊन जा,” डेटलेफ म्हणाला. “फुकट. कागदपत्रं मी करतो. बोटीनं पाठवायचे पैसे तू बाजूला ठेवले आहेसच. तुझ्या गावात कोण विचारणार आहे?”

लाइलने शिंगांवरून हात फिरवला. “ती माझी नाहीत,” तो म्हणाला, आणि हात मागे घेतला. परतीच्या चारही विमानांत त्याला एवढ्याच गोष्टीचा आधार होता. सगळे गेले, पण आपण खोटे घरी नेले नाही.

आर्डिस त्याला बसथांब्यावर घ्यायला आली. घरी पोचल्यावर, कॉफीच्या टेबलाशी, त्याने तिला सारे सांगितले. जोसेफाटने सरकवलेला हातही सांगितला. चित्राची आठवण तिने काढली नाही. मग त्याने शिंगांचे सांगितले, आणि ते सांगताना त्याचा आवाज थोडा ताठ झाला. ती काहीतरी चांगले बोलेल अशी त्याची अपेक्षा होती.

आर्डिसने कप बशीत ठेवला.

“आणायची होतीस ती.”

“आर्डिस, ती खोटी होती.”

“असू दे. मी रोज पुसली असती. आलं-गेलं कोणी विचारलं तर सांगितलं असतं, माझ्या नवऱ्यानं आफ्रिकेत जाऊन मारलाय. मला काहीतरी बघायला हवं होतं, लाइल. अकरा वर्षं कुठं गेली ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे होतं.” ती थांबली. “तुझा खरेपणा राहिला. माझं काय राहिलं?”

लाइल उठला, बॅगेतून बोटीच्या भाड्याचे पाकीट काढले आणि तिच्यापुढे ठेवले. म्हणाला, यात ओरेगॉनची दोन तिकिटे येतील, आपण व्हर्नाच्या थडग्याशी जाऊन येऊ.

तिने पाकिटाला हात लावला नाही. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

“ती होती तेव्हा पैसे शिंगांचे होते. आता शिंगं नाहीत म्हणून ते तिचे झाले. हे मी एकदाच बोलणार होते, आता बोलले. पुन्हा बोलणार नाही.”

आणि ती खरोखर पुन्हा बोलली नाही. लाइलने ते पाकीट उचलून कपाटात ठेवले. त्या उन्हाळ्यात दोघांपैकी कोणीच ओरेगॉनचे नाव काढले नाही. रविवारी चर्चहून आल्यावर फोनच्या वेळेला ती परसात जाऊन बसे, आणि तो घरात बसून राही. आपण बाहेर जावे की न जावे, हे त्याला एकाही रविवारी ठरवता आले नाही.

शुक्रवारच्या पंगतीत त्याने काही लपवले नाही. नेम चुकला, जनावर गेले, पैसे गेले, असे सरळ सांगितले. मग त्याचा बालमित्र डेल्बर्ट, ज्याने अकरा वर्षे त्याच्या कुडूची थट्टा केली होती, ब्रँडीचा घोट घेऊन म्हणाला, “म्हणजे लेका, जगातला सगळ्यात महाग फेरफटका मारून आलास तू.”

सगळे हसले. लाइलही हसला. आर्डिस हसली, आणि सगळ्यांचे हसणे थांबल्यावरही ती थोडा वेळ हसत राहिली. लाइल आपल्या ताटातल्या माशाकडे बघत बसला. डेल्बर्टने न विचारताच तिच्यापुढे पावाची टोपली सरकवली.

हे दयाघना, लाइल आणि आर्डिस यांच्या घरावर तुझी छाया असू दे. जो शब्द दुसऱ्यांदा उच्चारायला त्याला उशीर झाला, तो शब्द त्याच्या ओठांवर दे, ऐकणारी जवळ आहे तोवर दे. तिच्या रविवारांना कोणाचा तरी आवाज लाभू दे. त्या घराची चूल उबदार राहो, अंगणातले बर्फ वेळेवर वितळो, आणि त्या टेबलाशी बसणाऱ्या दोघांना एकमेकांकडे पाहण्याचे धैर्य मिळो. शांती, कृपा, आरोग्य त्या घरी नांदो, अखंड नांदो.