प्लेस लावणारा आकाराम

आकाराम फाळके माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि मला त्याचा फार राग यायचा. एवढा जाणता माणूस इतका भित्रा कसा, म्हणून.

घोड्यांच्या पलटणीत नालबंदी करून तो पेन्शनवर साताऱ्याला आला होता. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेलेली, मूलबाळ नाही. पुण्यात शर्यती सुरू झाल्या की हा सकाळची एसटी धरायचा. त्र्याहत्तर साली एकदा मीही बरोबर गेलो, तेव्हा मला त्याची रीत कळली. विन लावला तर घोडा पहिलाच यावा लागतो. प्लेस लावला तर पहिल्या तिनांत आला तरी पैसे मिळतात, मात्र थोडे. आकाराम कायम प्लेसच लावायचा, आणि तोही एका शर्यतीत दोन घोड्यांवर, पाच-पाच रुपये. जिंकला की मुद्दल आतल्या खिशात, पुढं फक्त वरचे पैसे. सलग दोन शर्यती गेल्या की मग दिवसभर तिकिटाच्या खिडकीकडं फिरकायचं नाही.

शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथं कठड्याशी उभा राहून त्यानं एका तांबड्या घोडीची चाल बघितली. "मास्तर, हीच येनार पहिली."

"मग विन लाव की!"

"नगं. पाय घसरला म्हंजी?"

घोडी पहिली आली. शेजारच्यांनी टोप्या उडवल्या. याला चहा-भज्यांपुरते मिळाले, त्यातच गडी खूश.

आम्ही दोघं पोवई नाक्याजवळ लीलाबाईंच्या खाणावळीत जेवायचो. लीलाबाई विधवा, चाळिशीच्या, तोंडानं फटकळ. सहा वर्षं त्या आकारामची भाकरी सगळ्यांच्या मागून थापायच्या, त्याला तव्यावरची मिळावी म्हणून. सगळ्या खाणावळीला हे कळत होतं, त्यालाही कळत होतं. बोलायची छाती मात्र नव्हती. मग सांगलीच्या भावानं त्यांना कायमचं बोलावून घेतलं. एका दुपारी वाढता वाढता त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "फाळके, भाऊ ये म्हंतोय. जाऊ का ऱ्हाऊ? तुमी सांगाल तसं."

आकारामनं भाकरी मोडली. "गेलासा तर भावाचा आधार हाय. ऱ्हायलासा तर हितं बी काय वाईट न्हाई."

मला ताट फेकावंसं वाटलं. आठवड्याभरात खाणावळीला कुलूप लागलं.

त्यानंतर तो खोलीतच स्टोव्हवर भात शिजवायचा आणि स्वतःशीच बोलायचा. भिंतीतून सगळं ऐकू यायचं. संध्याकाळी माझ्या दारात उभा राहायचा, आत मात्र यायचा नाही. काय रे, म्हटलं तर "काय न्हाई, उगं" म्हणून परत फिरायचा. मला ते बघवेना. चार महिन्यांनी मीच त्याला सांगलीच्या गाडीत बसवून दिलं. "गेल्या गेल्या म्हण, माझ्याबरोबर चला. दुसरं काही बोलू नको." बरं म्हणाला.

परतायची घाई करू नको, उद्या आलास तरी चालेल, असंही बजावलं होतं. तो त्याच संध्याकाळी परत आला. हातात जड पिशवी होती. घडलं ते त्यानंच सांगितलं. गावभागात भावाच्या घरी लीलाबाईंनीच दार उघडलं. त्यांचा चेहरा फुलला. "कसं काय येनं केलंसा?" आणि या गृहस्थानं एक सोडून तीन कारणं सांगितली. चुलतभावाला भेटायचं होतं, मिरजेला डोळे दाखवायचे होते, पेठेतनं हळद न्यायची होती. नकार आला तर अगदीच तोंडघशी पडायला नको, म्हणून.

त्यांनी चहा दिला. तो पिऊन होईपर्यंत समोर बसल्या आणि पुन्हा विचारलं, "आन् माज्याकडं?"

"वाटंवरच हुतं घर," आकाराम म्हणाला.

त्या उठल्या. "मग निगा. पेठ बंद व्हईल."

मी चांगलाच तापलो होतो. पण तो तोंडावर टॉवेल धरून रडत होता. मग त्यानं पिशवी माझ्यापुढं सरकवली.

"पाच किलो हळद हाय, मास्तर. एकट्या मानसाला किती वर्सं जाईल?"