गारेचं पातं
ते पातं मी मोडलं आणि दोष मित्राच्या दगडाला दिला. घरात कुणी दगडावर विळा घासायला बसलं, की त्या ओल्या दगडाच्या वासाने आजही माझं डोकं भडकतं, आणि राग येतो तो स्वतःचाच. नागपुरात पुरातत्त्व शिकत असताना सरांनी आम्हाला आदिमानवासारखी गारेची, म्हणजे चकमकीच्या दगडाची, पाती करायला लावली होती. ज्याचं पातं उत्तम, तो त्यांच्याबरोबर उत्खननाला जाणार होता. काटोलकडचा माझा मित्र आठ दिवस खरबरीत फरशीवर पाणी टाकून आपली गार घासत होता. "मसाला वाटून राहिली का वं सूनबाई?" असं मी त्याला चिडवायचो. गार आधी गुळगुळीत केली, की सांबरशिंगाच्या टोकाने दाबल्यावर सारख्या ढलप्या निघतात, हे त्याला पक्कं कळलं होतं. तो जेवायला गेला तेव्हा मी हेव्याने त्याच्या पात्यावर शिंग टेकवलं. शिंगाचा दाब झेलावा म्हणून कड आधी घासून बोथट करावी लागते; ते अजून राहिलं होतं. कड चुरली, मी आणखी जोर लावला आणि पातं मधोमध तुटलं. "दगडातच भेग होती," मी सरांना सांगितलं. "भेग असती तं आठ दिवसांत मले दिसली नसती का?" मित्र ओरडला. "मले खोटारडा म्हणतो?" मी त्याच्याहून मोठ्याने ओरडलो. उत्खननाला सरांनी मला नेलं. पंधरा वर्षांनी काटोलला त्याच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "भेग नव्हती गा. म्याच मोडलं. मले माफ कर."