घसाऱ्याचे पैसे

पुसदच्या बाजारात गुरांच्या ढेपेच्या दुकानापुढं तुरीच्या चुनीचा तो कोमट, धुळकट वास आला की मला महागावकडची डाळमिल आठवते. शेतकऱ्यांनी शेअर घेऊन कंपनी काढली होती आणि मी तिचा हिशेबनीस होतो.

त्या दुपारी मशीनचा मुख्य दांडा तुटला आणि मिस्त्रीनं हात टेकले. पट्टा थांबला तरी पिवळी धूळ उन्हात तरंगत होती. सभासद पोत्यांवर बसले होते, पण कोणाच्याच चेहऱ्यावर काळजी नव्हती. नवऱ्यामागं त्याचे शेअर सांभाळणाऱ्या शेवंताकाकू मला म्हणाल्या, "भाऊ, दरसाल सभेत वाचता न तुमी, मशीनचा इतका घसारा काढला म्हून? मंग आना तो. नवी घेऊ."

"काकू, ते पैसे कुठं ठेवलेले नसतात. मशीन झिजली, तेवढी तिची किंमत कागदावर कमी केली."

"बँकेत काईच नाई?"

"नाही."

"आन आमचे शेअर?"

"त्याच पैशाची तर ही मशीन होती."

काकूंनी पदरानं मशीनवरची धूळ पुसली. "मंग आमी दरसाल टाळ्या कायले वाजोल्या, भाऊ?"

मिल पुन्हा सुरू झाली नाही. घसाऱ्याचा आकडा वाचला की ही माणसं खरंच टाळ्या वाजवायची आणि मला त्यांच्या अडाणीपणाचं हसू यायचं. आता वाटतं, मशीन एक दिवस मरणार आहे हे त्या कंपनीत फक्त टाळ्या वाजवणाऱ्यांनीच मनावर घेतलं होतं.